धाकट्याचे वय एकाहत्तर

मित्रांनो, मी एक जुना धमनीमापक आहे. नाव ऐकून दचकू नका. मी सुई टोचत नाही, रक्त काढत नाही, कडू औषधही पाजत नाही. माणसाला पलंगावर उताणे झोपवायचे, दोन दंडांना आणि दोन घोट्यांना माझे चार पट्टे बांधायचे, मनगटांना दोन चिमटे लावायचे आणि पाच मिनिटे गप्प पडून राहायला सांगायचे, एवढाच माझा कारभार. यातले शेवटचे काम सर्वांत अवघड, हे मी अनुभवाने सांगतो.

हृदय एकदा धडकले की रक्तवाहिन्यांतून एक लाट निघते. ती दंडात केव्हा पोचली आणि घोट्यात केव्हा पोचली ते मी टिपतो आणि तिचा वेग काढतो. धमन्या मऊ असतील तर त्या प्रत्येक धक्क्याला जराशा फुगतात, धक्का पोटात घालतात, आणि लाट सावकाश चालते. धमन्या ताठर झाल्या असतील तर लाट सुसाट सुटते. बाहेरच्या जगात वेगाचे केवढे कौतुक असते! माझ्याकडे मात्र जो हळू, तो शहाणा. शेवटी मी एक कागद काढून देतो. त्यावर लाटेचा वेग असतो आणि खाली एका चौकटीत 'रक्तवाहिन्यांचे अंदाजे वय' असते. या एका चौकटीने माझ्या आयुष्यात काय काय घडवले, तेच मला सांगायचे आहे.

माझा जन्म एका कारखान्यातल्या लांबलचक टेबलावर झाला. चष्मा लावलेल्या एका बाईंनी माझ्या रबरी नळ्या जोडल्या. पुढच्या टेबलावर एक जाडजूड गृहस्थ बसत. ते प्रत्येक नवे यंत्र स्वतःच्याच हातापायांना बांधून तपासत. त्यामुळे जगात आल्यावर मी पहिली ऐकली ती त्यांची नाडी. त्या दिवशी मी त्यांचे एकविसावे यंत्र होतो, आणि दिवसभर पट्टे आवळून घेऊन ते इतके कंटाळले होते की माझी परीक्षा चालू असतानाच घोरायला लागले. पण मी पास झालो.

मग मला खोक्यात घातले. खोक्यावर 'ही बाजू वर' असा बाण होता. तो बाण खाली करून मला इतक्या लांब नेले की दवाखान्यात खोके उघडले तेव्हा मला वाटले, छताला चिकटून माणसे चालतात ती हीच जागा.

दवाखाना दुमजली होता. मुख्य डॉक्टरीणबाईंनी मला हौसेने आणले होते. पहिल्या दिवशी सगळा स्टाफ मला पाहायला जमला, टाळ्या वाजल्या, कोणीतरी माझ्याबरोबर फोटोही काढून घेतला. मला चालवायला एक तरुण ताई नेमल्या होत्या. त्या दिवसभर पट्टे बांधणार म्हणून वॉर्डबॉयने त्यांचे नाव 'पट्टेवाल्या ताई' पाडले. ताईंना या नावाचा भयंकर राग यायचा. "तीन वर्षं शिकलेय मी! पट्टेवाली काय म्हणता?" असे त्या म्हणायच्या, आणि म्हणूनच ते नाव टिकले.

पण मित्रांनो, कौतुक चार दिवसांचे. पेशंट येईनात. डॉक्टरीणबाई सांगत, "एकदा रक्तवाहिन्या तपासून घ्या." लोक विचारत, "त्या दुखतायत कुठे?" आणि निघून जात. माझी खोली बोळाच्या टोकाला होती. हळूहळू तिथे मोडक्या खुर्च्या येऊ लागल्या. माझ्या डोक्यावर ताईंचा डबा आणि माझ्या हुकाला ताईंची छत्री. त्यात कोपऱ्यातल्या बेसिनचा नळ दिवसभर ठिबकायचा. ज्याचा जन्मच ठोके मोजण्यासाठी झाला, त्याला ते कसे सहन व्हावे? मी मोजत बसे. मिनिटाला तीस थेंब. तो नळ माणूस असता तर त्याला त्याच दिवशी दाखल करून घेतले असते.

शेवटी ताईही वैतागल्या आणि त्यांनी नळवाल्यांना बोलावले.

नळवाले दोघे भाऊ होते, जुळे, अठ्ठावन्न वर्षांचे. नाक, डोळे, उंची सगळे एकाच साच्यातले. फरक इतकाच की एकाला दाढी होती आणि एकाच्या हातात हत्यारांची जड पिशवी होती. दाढीवाले थोरले; दाढी इतकी जुनी की तिच्याखालचा चेहरा कसा होता ते कोणालाच आठवत नव्हते. ते अकरा मिनिटे आधी जन्मले होते आणि त्या अकरा मिनिटांवर त्यांनी अठ्ठावन्न वर्षे राज्य केले होते. ते पुढे चालत, धाकटे पिशवी घेऊन मागे. थोरले खुर्चीवर बसून सांगत, धाकटे बेसिनखाली आडवे होऊन ऐकत.

"धाकट्या, डावीकडे फिरव."

"डावीकडेच फिरवतोय, दादा."

"मग अजून डावीकडे फिरव. वायसर बघ. गेला असणार. मी बाहेरूनच ओळखलं होतं."

वायसर बदलला आणि नळ एकदम गप्प झाला. मला इतकी शांतता कितीतरी दिवसांत मिळाली नव्हती. डॉक्टरीणबाईंनी ताईंना सांगून ठेवले होते की यंत्र गंजून जायला नको, कोणीही भेटले तरी तपासा. ताईंनी दोघांकडे पाहिले.

"काका, पाच मिनिटं या पलंगावर झोपता का? फुकट आहे."

"कशाला?" थोरल्यांनी विचारले. "आम्ही नळवाले आहोत."

"म्हणूनच तुम्हाला लगेच कळेल. तुमच्या आतल्या नळ्या कशा आहेत ते हे यंत्र सांगतं. लोखंडी पाइप एका टोकाला ठोकला तर दुसऱ्या टोकाला कधी कळतं?"

"तत्काळ."

"आणि रबरी नळीत?"

"रबरी नळी कशाला कळवतेय! मधेच जिरतं सगळं," धाकटे म्हणाले.

"माणसाची नळी रबरी हवी. वय वाढलं, रक्तदाब वाढला, सिगारेट ओढली की ती लोखंडाकडे झुकते. मग हृदयाला जोर पडतो, मेंदूला धक्के बसतात."

हे दोघांनाही इतके पटले की थोरले लगेच चपला काढून पलंगावर चढले. अर्थात आधी तेच. मी पट्टे फुगवले, लाट टिपली, कागद काढला. वेग सेकंदाला तेरा पूर्णांक सहा मीटर, रक्तदाब ठीक, रक्तवाहिन्यांचे वय बावन्न. थोरल्यांनी असे डोके हलवले की जणू यात नवल ते काय.

मग धाकटे झोपले. मित्रांनो, त्यांची पहिलीच लाट आली आणि मी हबकलो. ती आली म्हणेपर्यंत निघूनही गेली होती. वेग एकोणीस पूर्णांक चार. रक्तदाब एकशे अडुसष्ट. चौकटीत आकडा उमटला, एकाहत्तर.

ताईंचा चेहरा उतरला. त्यांनी डॉक्टरीणबाईंना बोलावून आणले. बाईंनी कागद पाहिला आणि खुर्ची ओढून धाकट्यांच्या शेजारी बसल्या.

"सिगारेट किती?"

"दहा. कधी बारा."

"मीठ?"

"वरून घेतो थोडं. चवच लागत नाही नाहीतर."

"हे बघा, एका कागदावरून मी काही ठरवणार नाही. परवा सकाळी चहा-सिगारेट न घेता पुन्हा या, रक्तही तपासू. पण याकडे काणाडोळा करू नका. तुमच्या रक्तवाहिन्या सत्तरीतल्या माणसासारख्या वागतायत. असंच चाललं तर हार्ट अटॅकचा, लकव्याचा धोका वाढतो."

थोरल्यांनी दाढी घट्ट धरली होती. धाकटे कागद वाचत होते. एकदा वाचला, दोनदा वाचला. मग त्यांनी मान वर केली. त्यांच्या तोंडावर भीती नव्हती. एक वेगळेच तेज होते.

"डॉक्टर, म्हणजे कागदावर मी एकाहत्तर?"

"रक्तवाहिन्यांच्या हिशोबाने, हो."

"आणि हा बावन्न?"

"हो."

धाकटे उठले. चपला घातल्या. जमिनीवरची पिशवी उचलून त्यांनी थोरल्यांपुढे धरली.

"धर," ते म्हणाले. "चल माझ्या मागून."

त्या दिवशी अठ्ठावन्न वर्षांत पहिल्यांदा थोरले पिशवी घेऊन बोळातून चालत गेले.

दुसऱ्या तपासणीतही आकडा जवळपास तोच आला. डॉक्टरीणबाईंनी गोळ्या लिहून दिल्या, सिगारेट बंद, मीठ कमी, रोज चालायचे. धाकट्यांनी चिठ्ठी खिशात घातली आणि माझा कागद मात्र लॅमिनेशन करून आपल्या नळांच्या दुकानात गल्ल्यामागच्या भिंतीवर लावला. येणाऱ्या-जाणाऱ्याला ते तो वाचून दाखवत. आता समोरची खुर्ची त्यांची. थोरल्यांनी 'धाकट्या' म्हटले की ते ओ देत नसत. 'दादा' म्हटले तरच वळून पाहत.

यामुळे माझे मात्र नशीब फळफळले. गावभर बोलबाला झाला की दवाखान्यात वय सांगणारे यंत्र आले आहे. बोळात रांग लागू लागली. मोडक्या खुर्च्या दुरुस्त करून रांगेतल्यांना बसायला दिल्या. एक मास्तरीणबाई आपले खरे वय ताईंना सांगायला तयार नव्हत्या, पण रक्तवाहिन्यांचे चाळीस आल्यावर ते त्यांनी बोळात उभे राहून जाहीर केले. एका निवृत्त साहेबांनी मला तीनदा परीक्षा घ्यायला लावली आणि तिन्ही वेळा आकडा एकच आल्यावर म्हणाले, "हट्टी यंत्र आहे." त्यांनी घरी गेल्यावर चालायला सुरुवात केली, असे पुढे कळले. डॉक्टरीणबाई प्रत्येकाला बजावत, "हा अंदाज आहे, जन्मदाखला नव्हे." पण ऐकतो कोण!

एके दिवशी दुपारी थोरले एकटेच आले. दार लोटून घेतले आणि ताईंसमोर हात जोडून उभे राहिले.

"ताई, हे यंत्र बिघडलंय असं लिहून द्या."

मला फार लागले ते. पण ताई म्हणाल्या, "काका, यंत्र बरोबर आहे. तुम्ही भावाला गोळ्या घ्यायला लावा."

"तेच तर होत नाही! तो म्हणतो, गोळ्या घेतल्या तर वय उतरेल."

"उतरायलाच हवं ना?"

"उतरलं की तो पुन्हा धाकटा होईल! म्हणून घेत नाही. सिगारेट सोडत नाही. जेवताना माझ्याकडे बघत बघत मीठ घेतो. मी रागावलो तर म्हणतो, लहानांनी मोठ्यांना शिकवू नये." थोरले माझ्या पलंगावर मटकन बसले. "अठ्ठावन्न वर्षं मी त्याला दटावलं. काही म्हणजे काही कामाला येत नाही आता. पिशवीचं काही नाही हो ताई, पिशवी मी जन्मभर उचलेन. पण तो गेला तर पाना कोणाला मागू?"

ताईंनी त्यांना पाणी दिले. खोटे लिहून द्यायला त्यांनी नकार दिला, तोही हळुवारपणे. थोरले जाताना माझ्याकडे एक नजर टाकून गेले. माझ्याजवळ शब्द असते तर मी माफी मागितली असती, मित्रांनो. आकडा खरा होता. पण खरा आकडा माणूस कुठे नेऊन लावील, हे माझ्या कारखान्यात कोणी मला सांगितले नव्हते.

पुढच्या आठवड्यात गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीचा कॉक गळू लागला. दोघे भाऊ आले. धाकटे मोठेपणाच्या तोऱ्यात स्वतःच शिडी चढले. थोरले खाली पिशवी घेऊन उभे. सातव्या पायरीवर धाकट्यांना भोवळ आली. हात सुटला. थोरल्यांनी पिशवी टाकली, ते दोन पायऱ्या चढले आणि त्यांनी भावाला मागून छातीवर झेलून शिडीला तसेच दाबून धरले. त्यांच्या ओरडण्याने अख्खा दवाखाना वर धावला.

खाली आणल्यावर सर्वांत जवळची रिकामी खाट माझीच होती. रक्तदाब दोनशेच्या घरात गेला होता. डॉक्टरीणबाईंनी हातपाय हलवून पाहिले, बोलायला लावले, हृदयाचा आलेख काढला, औषध दिले आणि शेजारीच थांबल्या. दोन तासांनी आकडा उतरू लागला. "थोडक्यात वाचलात," त्या म्हणाल्या. "आता तरी गोळ्या घेणार?"

"ऊन होतं," धाकटे पडल्या पडल्या म्हणाले. "उन्हानं कोणालाही गरगरतं."

थोरल्यांनी कपाळावर हात मारला. तेवढ्यात दारात काठीचा आवाज झाला. त्यांची आई आली होती. एक्याऐंशी वर्षांची, मूठभर देहाची, पण तिला पाहताच दोन्ही म्हातारे शाळेत उशिरा पोचलेल्या पोरांसारखे सावरून बसले.

तिने सगळी हकीकत ऐकून घेतली. कोणाला काही बोलली नाही. ताईंना म्हणाली, "माझंही मोजा. बघू तरी या यंत्रानं काय दिवे लावलेत."

शेजारी दुसरी खाट आणून तिला तीवर झोपवले. मी माझे चार पट्टे शक्य तितक्या हळू फुगवले. नाडी बहात्तर, अगदी घड्याळासारखी. अर्धी परीक्षा झाली असेल, तोच ती छताकडे पाहत बोलू लागली.

"आजी, मधे बोलायचं नाही," ताई म्हणाल्या.

"हेच ऐकण्यात एक्याऐंशी वर्षं गेली. जरा बोलू दे." आणि मग, "तुम्ही दोघं झालात तेव्हा सुईणीनं आधी आलेल्याच्या मनगटाला दोरा बांधला होता. तिसऱ्या दिवशी आंघोळ घालताना तो सुटून पाण्यात गेला. दोघांचं तोंड एक, रडणं एक. मी आपला अंदाजानं एकाला बांधला. मागाहून आठवलं, आधी आलेल्याच्या उजव्या गालावर तीळ होता."

धाकट्यांचा हात गालावर गेला. तिथे तीळ होता. सगळ्यांनी पाहिला.

"तू थोरला," आई म्हणाली. "कागद लागत नाही त्याला. मी सांगते."

"मग इतकी वर्षं बोलली का नाहीस?" धाकट्यांनी विचारले.

"कोणी विचारलं? आणि आता बोलले ते अशासाठी, की थोरल्या मुलानं आईच्या आधी जायचं नसतं. गोळी घे."

थोरले उठले. त्यांनी दाढीवरून एकदा हात फिरवला. मग पेला भरला, गोळी तळहातावर ठेवली आणि खाटेजवळ वाकले.

"दादा," ते म्हणाले, "घे."

धाकट्यांनी गोळी घेतली. घेता घेता त्यांना रडू आले, पाणी नाकात गेले आणि ठसका लागला. थोरल्यांनी पाठीवर इतक्या जोरात थापा मारल्या की डॉक्टरीणबाईंना मध्ये पडावे लागले.

मित्रांनो, एक गोष्ट मी आजवर कोणाला सांगितली नाही. 'तीळ' हा शब्द उच्चारताना आईची नाडी बहात्तरवरून शहाण्णववर गेली होती. आता, बोलल्याने नाडी वाढते. थोरामोठ्यांचीही वाढते. म्हणूनच तर बोलू देत नाहीत. ताईंनी ती परीक्षा रद्द केली आणि कागद फाडून टाकला, ते नियमाला धरूनच होते. मी मोजतो, न्यायनिवाडा करत नाही.

पण पुढच्या वर्षी थोरले तपासणीला आले ते गुळगुळीत दाढी करून. त्वचेचा काही त्रास होता म्हणून न्हाव्याने सगळी उतरवली होती. ताई पट्टा बांधायला वाकल्या आणि थबकल्या. त्यांच्याही उजव्या गालावर, अगदी त्याच जागी, तीळ होता.

"काका, हा तर..."

थोरल्यांनी ओठांवर बोट ठेवले. "परीक्षा चालू आहे ना?" ते म्हणाले. "मधे बोलायचं नाही."

धाकट्यांचा, म्हणजे आताच्या दादांचा वेग तोवर सोळा पूर्णांक सातवर आला होता. सिगारेट सुटली होती, सुटताना सगळ्या घराला चावून सुटली होती. चौकटीतला आकडा त्रेसष्टवर उतरला तेव्हा त्यांनी तो आनंदाने आईला वाचून दाखवला. लॅमिनेशन केलेला कागद भिंतीवरून कधी गेला, कोणाच्या लक्षातही आले नाही.

त्यालाही आता बरीच वर्षे झाली. ताईंच्या केसांत पांढरे दिसू लागले आहे आणि त्यांच्या हाताखाली दोन नव्या मुली आल्या आहेत. गेल्या महिन्यात माझाही पट्टा नीट फुगेना. एकापाठोपाठ तिघांची परीक्षा अर्धवट राहिली. नव्या मुली म्हणाल्या, "टाकून द्या, जुनं झालंय." ताईंनी माझे झाकण उघडले, आत बोट घातले आणि हसू लागल्या. माझ्या स्वतःच्याच रबरी नळ्या ताठर झाल्या होत्या! वाकवली की काडीसारखी मोडत होती एकेक. जन्मभर दुसऱ्यांच्या नळ्या तपासल्या आणि माझ्या कधी आखडल्या ते मला कळलेही नाही. काही दुखत नव्हते ना!

ताईंनी टाकून दिले नाही. नव्या नळ्या मागवल्या, कारागीर आला, अर्ध्या तासात जुन्या काढून नव्या घातल्या. मी पुन्हा कामावर रुजू.

मित्रांनो, म्हणूनच तुम्हाला हात जोडून, म्हणजे चारही पट्टे जोडून, विनवतो. यंत्रांची काळजी घ्या. डोक्यावर डबे ठेवू नका, छत्र्या टांगू नका. आणि घरातल्या मोठ्या माणसांना एकदा तपासणीला घेऊन या, काही दुखत नसतानाच घेऊन या. स्वतः धावा, खेळा, ताटात वरून मीठ घेऊ नका. माझ्या नळ्यांचे पाकीट पोस्टाने येते. तुमच्या नळ्यांचे येत नाही, मी ताईंकडून खात्री करून घेतली आहे.

आता जरा गप्प बसा. पुढचा पेशंट आला आहे, आणि तो आत्तापासूनच बोलतो आहे.